सात नंबरचा आवाज

इचलकरंजीत कारखान्याला लागून घर असलेल्या कुठल्याही बाईला विचारा. रात्री तिला आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते. लग्न होऊन आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी उशीखाली डोकं घालून झोपत होते. भिंतीपलीकडे बारा माग, दिवसरात्र खडाक-खडाक. सासूबाई म्हणाल्या, "होईल सवय. मग माहेरी गेलीस की झोप यायची नाही." तसंच झालं.

पुढे मामंजी थकले. आमचे हे सायझिंगमध्ये नोकरीला. हिशेबाची वही आधीपासून माझ्याकडेच होती, कारण बी.कॉम. झालेली सून घरात असताना दिवाणजी कशाला ठेवायचा, असं मामंजींचंच म्हणणं. वहीमागोमाग किल्ल्या आल्या, किल्ल्यांमागोमाग सूत व्यापाऱ्याचे फोन. आणि थांबलेल्या मागाची धास्ती कधी माझ्या पोटात येऊन बसली ते कळलंही नाही. स्वयंपाक करताना एक कान भिंतीकडे. बारातला एक आवाज कमी झाला की पोळी तव्यावर तशीच टाकून मी पलीकडे. "का बंद आहे?" दिवसातून सगळ्यात जास्त वेळा मी हेच विचारत असेन.

ज्यांच्या घरात माग नाहीत त्यांना ही धास्ती जरा समजावून सांगायला हवी. आम्ही खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपली फक्त विणायची मजुरी. ती पिकावर ठरते. पीक म्हणजे आडवा धागा. एका इंचात बावन्न आडवे धागे असले की ते बावन्न पिकाचं कापड, आणि दर पिकाला इतके पैसे, असा भाव. त्यातच कामगार, कांडीवाली, जॉबर, वीजबिल, तेल, सुटे भाग, सगळं बसवायचं. कामगाराचा पगारही मीटरवर. त्यामुळे माग थांबला की मालक आणि कामगार दोघांच्याही कपाळाला आठ्या. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाला हे एकच वेड लागलं असावं, माग चालता ठेवायचा.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगते.

२०१७ सालची दिवाळी तोंडावर होती. वीस हजार मीटरची ऑर्डर, एकवीस दिवसांत द्यायची. बारा माग दोन्ही पाळ्या चालले तर दिवसाला हजार मीटर निघतं, म्हणजे हिशेब अगदी काठोकाठ. पाचव्या-सहाव्या दिवशी कांडी मशीनवरची बाई दाराशी आली. तिचा नवराच रात्रपाळीला सात ते बारा नंबरचे माग बघायचा.

"वैनी, सातचा आवाज बदललाय."

"बदललाय म्हंजे?"

"धोटा पेटीत बसताना ठक्क करतोय. पयलं असं न्हवतं. ह्यांनी पण सांगितलं जॉबरमामांना."

मी म्हटलं, "चालतोय ना? मग चालू दे." आणि आत येऊन फराळाची यादी करायला बसले.

सातला काय झालं होतं, ते नंतर मी नीट समजून घेतलं. धोटा म्हणजे ते होडीच्या आकाराचं लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोक, पोटात सुताची कांडी. मिनिटाला दीडशे वेळा तो या पेटीतून त्या पेटीत जातो. त्याला मारतो तो पिकर. पिकर झिजला, त्याला खड्डा पडला, मारणारा पट्टा सैल पडला, की धोटा वाकडा सुटतो किंवा उशिरा पोचतो. आता तो वेळेवर पोचला नाही आणि उभ्या धाग्यांच्या मध्येच राहिला तर काय? त्यासाठी आपल्या साध्या मागालाही एक सोय असते. धोटा पेटीत नीट बसला की त्याच्या दाबानं खालची एक लोखंडी जीभ वर उचलली जाते. धोटा बसला नाही तर जीभ खालीच राहते, समोरच्या ठोकळ्यावर आदळते आणि माग धाडकन जागच्या जागी थांबतो. त्या दणक्यानं सगळा शेड हादरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मोडलं काहीतरी. खरं तर मोडू नये म्हणूनच ते थांबणं.

सात नंबर असा तासाला चारपाच वेळा धाडकन थांबायला लागला. प्रत्येक वेळी कामगारानं यायचं, धोटा मागे घ्यायचा, पुन्हा चालू करायचा. तोवर त्याचे बाकीचे पाच माग वाऱ्यावर. जॉबरमामांना बोलावलं. त्यांनी बघितलं, म्हणाले, "पिकर गेलाय, पट्टा पण बदलाय पायजे. पेटी झिजलीया, ती पण सारखी करतो. दोन-तीन तास द्या, वैनी."

"आज नको मामा. ऑर्डर जाऊ दे. काहीतरी तात्पुरतं करा."

मामा जरा थांबले. मग त्यांनी ती जीभ तारेनं वर बांधून टाकली. आता धोटा बसो न बसो, माग थांबणार नाही. मैत्रिणींनो, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो म्हणून त्या जागी खिळा ठोकून बसवावा, तसलाच हा प्रकार. घरात तसं कुणी केलं तर मी त्याला काय काय बोलले असते! पण पलीकडे, शेडमध्ये, ते मीच करायला लावलं. आणि वर, दोन दिवस सात नंबर न थांबता चालला म्हणून मला बरंही वाटलं.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला मला जाग आली. सगळे माग बंद होते.

धोटा मधेच अडकला, धागे तोडून उडाला आणि पलीकडच्या मागावर कांडी बदलायला वाकलेल्या कामगाराच्या भुवईवर बसला. अर्ध्या किलोच्या आसपास वजन आणि पोलादी टोक. भुवईचं हाड मधे आलं म्हणून डोळा वाचला. दवाखान्यात पाच टाके पडले. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीत अंतर दाखवून सांगितलं, "एवढं खाली असतं तर..." कांडीवाली बाकावर बसून होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ओरडली असती, भांडली असती तर सोपं झालं असतं. एकदाच म्हणाली, "मी सांगितलं हुतं न्हवं, वैनी."

मागावर चारशेवर उभे धागे तुटले होते. ते वहिफणीतून पुन्हा ओवून जोडायला दोन माणसांना सकाळपासून संध्याकाळ झाली.

मी हिशेबवाली बाई. त्या रात्री झोप येईना म्हणून उठून वही घेतली. मिनिटाला दीडशे पीक, बारा तासांची पाळी, अधलंमधलं थांबणं वजा जाता एका मागाचं एका पाळीत बेचाळीस मीटर. समजा पिकाला सहा पैसे मजुरी, म्हणजे बावन्न पिकाच्या मीटरला तीन रुपये बारा पैसे. पाळीचे झाले एकशेएकतीस रुपये. बारा तासांचे एकशेएकतीस, तर दोन तासांचे किती? बावीसही पुरे होत नव्हते. मी तीन वेळा भागाकार करून पाहिला. मामांनी मागितलेले तीन तास दिले असते तर मजुरीचे तेहतीस रुपये बुडाले असते आणि किरकोळ किमतीचा एक पिकर, एक पट्टा लागला असता.

आणि माझ्या 'तात्पुरतं करा'चं बिल? दोन पाळ्या सात नंबर बंद, जोडणाऱ्या दोघांची हजेरी, व्यापाऱ्यानं डॅमेज म्हणून कापलेलं कापड, त्या रात्री घाबरून बाकी अकरा माग बंद ठेवले ते. दवाखान्याचं आणि त्याच्या पंधरा दिवसांच्या पगाराचं मी देणारच होते, ते यात धरत नाही. ते धरून हिशेब करायला मला लाजच वाटली.

एवढं धंद्यात असून मी हा भागाकार कधी केलाच नव्हता. थांबलेला माग दिसतो, त्याची शांतता ऐकू येते, म्हणून तो महाग वाटतो. बिघडलेला पण चालणारा माग काय खातो ते ताक्याच्या घडीत, डागात, तुटलेल्या धाग्यांत विखुरलेलं असतं. ते कुणी एका जागी मांडत नाही.

त्यानंतर आमच्याकडे ज्या गोष्टी बदलल्या, त्या एका दिवसात नाही बदलल्या. पहिलं म्हणजे मी शाळेची दोनशेपानी वही आणली आणि प्रत्येक मागाला पंधरा पानं दिली. माग कधी थांबला, का थांबला, काय केलं. लिहायचं काम कांडीवालीकडे. ती सातवी शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. कामगार जाता जाता तिला ओरडून सांगणार, ती लिहिणार. तीन महिन्यांनी वही चाळली तर बारा मागांच्या थांबण्यातलं निम्मं एकट्या सात आणि अकरा नंबरचं निघालं. म्हणजे बारा मागांची धास्ती घ्यायचं कारणच नव्हतं, दोघांकडे बघायचं होतं. पावसाळ्यात चामडी पट्टे सैल पडून थांबणं वाढतं, उन्हाळ्यात हवा कोरडी पडून उभे धागे तुटतात, हेही वहीत लख्ख दिसलं. मामंजी चैत्र-वैशाखात शेडमध्ये पाणी शिंपडायला का लावायचे, ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, थंडाव्यासाठी.

दुसरं, दुरुस्तीची वेळ. बीम संपला की माग तसाही थांबतो. नवा बीम चढवायचा, धागे जोडायचे, त्यात तासन् तास जातात. पूर्वी त्या वेळात जॉबरमामा तंबाखू मळत बसायचे. आता बीम उतरला की वहीतलं त्या मागाचं पान उघडायचं आणि साठलेली सगळी दुखणी त्याच वेळी काढायची. पिकर, पट्टा, पेटी, ब्रेक, नटबोल्ट. वेगळा थांबा लागतच नाही. बीम कधी संपणार ते आधी माहीत असतं, त्यामुळे सामानही आधी आणून ठेवता येतं. फळीवर आता पिकर, पट्टे, स्प्रिंगा, बेल्ट असतात. चामडी पिकर तर आणला आणि लावला असं करून चालत नाही, तो तेलात मुरावा लागतो. कैरीच्या लोणच्यासारखा. बरणीत पिकर मुरतोय हे बघून शेजारीण एकदा झाकण उघडायला गेली होती!

आता कुणी म्हणेल, प्रत्येक कुरकुरीला माग थांबवायचा म्हटलं तर धंदा कसा व्हायचा? थांबवायचा नाहीच. कुठलं दुखणं बीम संपेपर्यंत अंगावर काढता येतं आणि कुठलं नाही, एवढं ठरवलं की पुष्कळ झालं. गिअरचा जरा आवाज येतोय, तेल गळतंय, कापड गुंडाळणारा रूळ कुरकुरतोय, हे थांबू शकतं. रोज बघायचं, वहीत लिहायचं, चालू द्यायचं. अगदीच म्हातारा झालेला माग असेल तर मोटरची पुली बदलून लहान लावायची. दीडशे पिकांचा एकशेपस्तीसवर आणायचा. दहा टक्के कापड कमी निघतं, पण धागे कमी तुटतात आणि मागाला दम मिळतो. अकरा नंबर आम्ही असा वर्षभर चालवला. पण धोटा, ब्रेक आणि मोटर, या तिघांना सवलत नाही. मोटरला हात लावून चटका बसला, मागाला हात लावून मुंग्या आल्या, ब्रेक दाबल्यावर माग लगेच थांबला नाही, धोट्याचा आवाज बदलला, की त्या क्षणी बंद. ऑर्डर कुणाचीही असो. आणि धोट्यापुढची जाळी काढून ठेवायची नाही. जाळीनं धागा ओवायला अडचण होते हे मान्य, पण भुवई बघितल्यापासून माझ्यापुढे ते कुणी बोलत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड गेली. माग बंद करायचा अधिकार कामगाराला द्यायचा. तसं बटण त्याच्याच हाताशी असतं. पण मीटरवर पगार असलेला माणूस स्वतःच्या पगाराचं बटण कशाला दाबेल? तोही आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणार. म्हणून ठरवलं, दुरुस्तीसाठी अर्ध्या तासाहून जास्त माग बंद राहिला तर तेवढ्या वेळाचे सरासरीनं पैसे द्यायचे. गल्लीतले बाकीचे कारखानदार हसले. एक भावजी म्हणाले, "वहिनी, आता बघा, तुमचे माग रोज आजारी पडतील." पहिल्या महिन्यात पडलेही दोनचार वेळा. बिडी ओढायला बंद केलेला माग वहीत 'आवाज' म्हणून लिहिला गेला. पण लिहिणारी कांडीवाली होती. तिनं एकाला चांगलंच सुनावलं, "माझ्या वहीत खोटं लिहायचं न्हाई." पुढे ते थांबलं.

मला वाटत होतं, हे सगळं आमच्या शेडपुरतं शहाणपण. एका सुट्टीत टेक्स्टाईल इंजिनीअरिंग शिकणारी भाची आली आणि वही चाळत म्हणाली, "मामी, हे तर टोयोटावाले करतात." मोटारवाले टोयोटा? हो, तेच. तिनं सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. टोयोटाची सुरुवात मोटारीनं नाही, मागानं झाली. १८६७ साली जन्मलेला साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आई घरी हातमागावर विणायची. तिचे कष्ट बघून यानं १८९० मध्ये लाकडी हातमाग सुधारला. मग यंत्रमागाच्या मागे लागला. १९२४ सालच्या त्याच्या मागाचं मोठेपण काय, तर धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क विकत घेतले. मोटार कंपनी १९३७ ची. आणि चूक दिसली की थांबायचं, पुढे ढकलायचं नाही, हे मागावरचं तत्त्वच पुढे त्यांच्या मोटारीच्या कारखान्यात गेलं. तिथे कामगारापुढे दोरी असायची. काही बिनसलं की त्यानं ती ओढायची. भाची आणखी म्हणाली, की यंत्राची रोजची देखभाल चालवणाऱ्यानंच करायची ही पद्धत निप्पॉनडेन्सो या जपानी कंपनीनं बसवली आणि त्यासाठी तिला १९७१ साली बक्षीस मिळालं. पुसताना, तेल घालताना त्यालाच आधी कळतं, कुठला बोल्ट ढिला आहे. यावर कांडीवाली म्हणाली, "ह्ये आम्हाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं." तिचंही बरोबर आहे.

तेल घालण्यावरून आठवलं. १९४८ च्या कारखाने कायद्यात एक कलम होतं, बावीसावं. चालत्या यंत्राला धोका असेल अशा ठिकाणी बायकांनी साफसफाई करू नये, तेल घालू नये. पूर्वी मला ते वाचून राग यायचा, आम्हाला काय कळत नाही का! आता वाटतं, ते पुरुषांनाही तसंच लावायला हवं होतं. आमच्याकडे माग बंद असल्याशिवाय तेलाची बुदली उचलायची नाही. कांडी मशीनवरच्या बायका पदर खोचून पिन लावतात, वेणी वर बांधतात. सासूबाईंच्या वेळी पट्ट्यात पदर गेल्याची एक हकिगत त्या अजून सांगतात. ती मी इथे लिहीत नाही.

पुढे सहा मागांना आम्ही उभा धागा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा बसवली. साध्या मागांच्या अशा सुधारणेला सरकारी अनुदान मिळायचं. २०१७ साली आलेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेतही ते होतं. नवे रॅपिअर, एअरजेट माग तर सेन्सरचेच, जरा काही झालं की थांबतात. ते घ्यायची आमची ऐपत नाही आणि जागाही नाही. बाराच्या बारा माग जुनेच आहेत. महिन्याचं कापड पूर्वीपेक्षा फार वाढलं असंही नाही. थोडं वाढलं. डॅमेज मात्र कमी झालं, आणि रात्रीची धाडधाड.

जॉबरमामांना मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला माहीत होतं ना तार बांधणं चूक आहे? मला का नाही अडवलंत?" ते हातातल्या पान्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या मामंजींनी पण बांधाय लावलीती, वैनी. दोनदा. तवा काय झालं न्हाई." मग जरा वेळानं, "आणि तुम्ही मालकीण." पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

परवा दुपारी मी आमसुलं उन्हात घालत होते. भिंतीपलीकडचा एक आवाज गळला. जुनी सवय, हात तसाच टाकून उठले. तेवढ्यात कांडीवाली दाराशी आली, काखेत वही.

"चार नंबर बंद केलाय, वैनी. मोटर तापतीया. मामांना फोन लावलाय."

विचारायला आली नव्हती, सांगायला आली होती. भुवईवर व्रण असलेला तिचा नवरा आता दिवसपाळीला एक ते सहा बघतो. तो मागे चार नंबरची पाटी उलटी करून टांगत होता.

"किती वेळ लागंल म्हणाले मामा?"

"दीड-दोन तास."

मी मनातल्या मनात भागाकार केला आणि चहा टाकायला आत गेले.